सीमेवर थांबलेल्या ट्रकचे भाडे कोण देणार?

कळंबोलीहून एका वाचकांनी चार पानांचे पत्र पाठवले आहे. त्यांचे वय सदतीस. अकरा वर्षे त्यांनी स्वतः ट्रक चालवला आणि गेली चार वर्षे ते न्हावा शेवाच्या वाटेवरच्या एका वाहतूक कचेरीत सुपरवायझर आहेत. गाठीशी सात लाख रुपये आहेत. प्रत्येकी सोळा लाखांचे दोन जुने दहा चाकी ट्रक कर्जाने घ्यायचे आणि मुंबई, भिवंडी परिसरातला माल रक्सौल या सीमेवरच्या गावामार्गे नेपाळला पोहोचवायचा, असा त्यांचा बेत आहे. भिवंडीचा एक दलाल नियमित भाडे देण्यास तयार आहे. एक खेप चौदा दिवसांत पुरी होऊन तीस हजार रुपये सुटतील, असा हिशेब त्यांनी मांडला आहे. चालकांना मासिक पगार न देता खुराकीसह, म्हणजे वाटेतल्या जेवणखाण्याच्या खर्चासह, किलोमीटरला साडेचार रुपये द्यायचे त्यांनी ठरवले आहे. दुसऱ्या ट्रकसाठी लागणारे चार लाख पत्नीचे दागिने गहाण ठेवून उभे करायचे आहेत आणि त्यातला एक ट्रक मेहुणा चालवणार आहे. बेत बरोबर आहे का, चालकाचा दर योग्य आहे का आणि मेहुण्याला काय द्यावे, हे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचले, कारण मी स्वतः बारा वर्षे वडाळ्याला एका वाहतूक कचेरीत हिशेब लिहिले आहेत आणि ती सवय सुटत नाही. तुमचा डिझेलचा आकडा बरोबर आहे. जाण्यायेण्याचे छत्तीसशे किलोमीटर, लिटरला चारचे अ‍ॅव्हरेज, म्हणजे नऊशे लिटर, आणि लिटरला नव्वद रुपये धरून एक्याऐंशी हजार. टायरसाठी किलोमीटरमागे रक्कम बाजूला काढली आहे, हेही मला आवडले. नवे मालक हे सहसा विसरतात. चूक आहे ती दिवसांच्या रकान्यात. मुंबई ते रक्सौल सुमारे अठराशे किलोमीटर आहे. एका चालकाचा भरलेला ट्रक दिवसाला तीनशे किलोमीटर धावला तर जायला सहा दिवस आणि यायला सहा दिवस लागतात. तुमच्या चौदा दिवसांतले बारा इथेच संपले. उरलेल्या दोन दिवसांत भिवंडीला माल भरणे, रक्सौलच्या यार्डात नंबर लागणे, आपल्या बाजूची कस्टमची कागदपत्रे, पलीकडच्या वीरगंजचा भन्सार म्हणजे नेपाळचे सीमाशुल्क, गोदामावर माल उतरवणे आणि परतीचे भाडे शोधून ते भरणे, हे सारे उरकायचे आहे. तुम्ही स्वतः अकरा वर्षे स्टिअरिंगवर काढली आहेत, तेव्हा हे होणे नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. बहुधा दलालाने सांगितलेला आकडा तुम्ही तसाच उतरवून घेतला असावा.

सीमेपारच्या मालवाहतुकीत ट्रक जितके दिवस धावतो, जवळपास तितकेच दिवस तो उभा राहू शकतो, आणि उभ्या दिवसांचा खर्च कोणाच्या खिशातून जातो यावरच हा धंदा तरतो किंवा बुडतो. तुमच्या आजच्या बेतात तो खर्च अर्धा तुमच्या आणि अर्धा चालकाच्या खिशातून जातो; माल पाठवणाऱ्याच्या आणि दलालाच्या खिशाला त्याची झळही लागत नाही. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी याच अंगाने देतो.

आधी तुमची बाजू पाहू. बारा लाखांच्या कर्जाचा छत्तीस महिन्यांचा हप्ता तुम्ही बेचाळीस हजार धरला आहे, आणि विमा, कर, परमिट, फिटनेस यांचे मिळून महिन्याला आठ हजार. म्हणजे ट्रक एक इंचही हलला नाही तरी दिवसाला सुमारे सोळाशे सत्तर रुपयांचा खर्च चालूच राहतो. खेप चौदाऐवजी बावीस दिवसांची झाली, तर जादा आठ दिवसांचे तेरा हजार तीनशे तुमच्या तीस हजारांतून वजा होतात आणि हाती सोळा हजार सातशे राहतात, तेही बावीस दिवसांचे. महिन्याच्या हिशेबात, चौसष्ट हजारांची आशा धरून बसलेल्या माणसाच्या हाती तेवीस हजारांहून कमी पडतात. बावीस दिवस हा आकडा मी तुम्हाला घाबरवण्यासाठी धरलेला नाही. नेपाळच्या दशैं आणि तिहारच्या, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीच्या, आधी मालाची रीघ लागते आणि सणात तिकडची कामे थंडावतात, तेव्हा एवढे दिवस सहज जातात.

आणि कधी कधी ते त्याहूनही जास्त जातात. सप्टेंबर २०१५ पासून फेब्रुवारी २०१६ पर्यंत रक्सौल आणि वीरगंज यांच्यामधली वाहतूक जवळपास ठप्प होती. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूतल्या आंदोलनाने सरकार कोसळले, तेव्हाही सीमेवर ट्रकांच्या रांगा उभ्या राहिल्या. इतर सीमांची गत याहून बरी नाही. पाकिस्तान सीमेवरचा अटारीचा नाका एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला. पेट्रापोलहून बांगलादेशात जाणारा आपला ट्रक बेनापोलला माल उतरवून परत फिरतो, आणि मे २०२५ मध्ये बांगलादेशातून येणाऱ्या तयार कपड्यांना जमिनीवरून बंदी घालून ते फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या बंदरांतूनच यावेत असे ठरले, तेव्हा त्या मार्गावर परतीच्या भाड्याचा भरवसा ठेवणाऱ्यांचे गणित एका रात्रीत बदलले. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांच्यात जून २०१५ मध्ये थिंफूला मोटार वाहन करार झाला, पण भूतानने त्याला मान्यता दिली नाही, आणि चारही देशांत एकाच परवान्यावर ट्रक फिरण्याचे चित्र अजून कागदावरच आहे. तेव्हा नेपाळचा मार्ग निवडलात, हे योग्यच केलेत. फक्त एक गैरसमज दूर करा. न्हावा शेवाला उतरणारे नेपाळचे कंटेनर आपल्याला मिळतील, असे तुम्ही लिहिले आहे. नेपाळचा तिसऱ्या देशांतून येणारा माल प्रामुख्याने कोलकाता, हल्दिया आणि विशाखापट्टणम या बंदरांतून जातो. तुमचे खरे गिऱ्हाईक भिवंडी, तळोजा, तारापूर, वापी या पट्ट्यातले कारखानदार आहेत, म्हणजे औषधे, रसायने, प्लॅस्टिकचा कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग. न्हावा शेवाच्या रस्त्यावरच्या तुमच्या ओळखींपेक्षा या कारखान्यांच्या डिस्पॅच विभागातल्या ओळखी जास्त उपयोगी पडतील.

आता चालकाची बाजू, आणि इथे मला थोडे कडक लिहायचे आहे. किलोमीटरला साडेचार रुपये म्हणजे एका खेपेचे सोळा हजार दोनशे. ट्रक खरोखरच चौदा दिवसांत परतला, तर हे दिवसाला साडेअकराशेच्या वर जाते आणि वाईट नाही. तोच ट्रक रक्सौलला आठ दिवस अडकला, तर रक्कम तीच राहते आणि दिवस बावीस होतात. रोजची खुराकी चारशे धरली, तर आठ हजार आठशे वाटेतच संपतात आणि चालक घरी साडेसात हजारांहूनही कमी घेऊन जातो. कागदपत्रात खोट निघाली, आयातदाराने भन्सार वेळेत भरला नाही, यार्डात जागा नव्हती, यातले काहीही चालकाच्या हातात नसते. तरी तुमच्या दराने दंड मात्र त्यालाच होतो. तुम्ही ट्रक चालवत होतात तेव्हा तुमच्या शेठने असे केले असते, तर त्याच्याबद्दल तुम्ही ढाब्यावर काय बोलला असता, ते आठवून पाहा.

हा केवळ न्यायाचा प्रश्न नाही, तुमच्या सोळा लाखांच्या ट्रकचाही आहे. नुसत्या किलोमीटरवर पैसे मिळणारा माणूस सीमेवर गेलेले दिवस परतीच्या रस्त्यावर भरून काढू पाहतो, म्हणजे रात्रभर चालवतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा घातली होती. तो कायदा पाच किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या मालकांसाठी होता, म्हणून लहान मालक त्याकडे पाहत नसत. पण आठ तासांनंतर डोळ्यावर येणारी झापड मालकाकडे किती कामगार आहेत ते विचारत नाही. हे झाले वेगाचे. दुसरा धोका सीमेपुरता आहे आणि तो अधिक महाग पडतो. आठ दिवस बिनपगारी उभ्या असलेल्या माणसाला यार्डाबाहेर कोणीतरी गाठतो आणि केबिनमध्ये एक खोके ठेवून पलीकडे देण्याचे दोन हजार देऊ करतो. सीमाशुल्क कायद्याप्रमाणे चोरट्या मालासाठी वापरलेले वाहन जप्त होऊ शकते, आणि ते सोडवायचे तर मालकाला केवळ स्वतःचे नव्हे, तर वाहन ज्याच्या ताब्यात होते त्याचेही अज्ञान सिद्ध करावे लागते. रक्सौल बिहारमध्ये आहे आणि बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून दारूबंदी आहे, हेही चालकाच्या कानावर घाला; वाटेत उत्तर प्रदेशात घेतलेली एक बाटली सीटखाली सापडली, तरी ट्रक पोलीस ठाण्याच्या आवारात जाऊन उभा राहू शकतो.

म्हणून माझी सूचना अशी की चालकाचे पैसे तीन भागांत द्या. महिन्याला अठरा हजार पक्का पगार, धावलेल्या किलोमीटरला खुराकीसह अडीच रुपये, आणि भरताना, सीमेवर किंवा उतरवताना मिळून दोन दिवसांपेक्षा जास्त थांबावे लागले तर तिसऱ्या दिवसापासून रोज पाचशे रुपये थांबा भत्ता. चौदा दिवसांच्या खेपेला पगाराचे आठ हजार चारशे आणि किलोमीटरचे नऊ हजार मिळून सतरा हजार चारशे होतात, म्हणजे तुमच्या दरापेक्षा फक्त बाराशे जास्त. बावीस दिवसांच्या खेपेला मात्र पगाराचे तेरा हजार दोनशे, किलोमीटरचे नऊ हजार आणि सहा दिवसांच्या थांब्याचे तीन हजार मिळून पंचवीस हजार दोनशे होतात. चांगल्या दिवसांत तुम्हाला हे जवळपास जाणवणारही नाही, आणि वाईट दिवसांत चालक तुमच्या ट्रकजवळच झोपेल. वाचवलेले डिझेल तुझे, असा ठेका मात्र त्याच्याशी कधीही करू नका. त्यात डिझेल वाचत नाही, विकले जाते.

हे जादा पैसे आणायचे कुठून, तर जो माल थांबवतो त्याच्याकडून. दलालाशी तोंडी बोलणे पुरेसे नाही. भाडे ठरतानाच बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवर, लिहून घ्या की भरणे, सीमा आणि उतरवणे मिळून अठ्ठेचाळीस तास मोफत, त्यापुढे दिवसाला तीन हजार रुपये हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचे भाडे. आणि वराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, कोणी द्यायची, हेही त्याच कागदावर येऊ द्या. यार्डातल्या प्रवेशाच्या पावतीची तारीख आणि वेळ चालकाने त्याच दिवशी मोबाइलवर पाठवली पाहिजे, नाहीतर माल मिळाल्याची पोच परत आल्यावर तारखांवरून वाद होतो आणि वादात दलाल जिंकतो. आठ दिवसांच्या खोळंब्यात तुमच्या उभ्या ट्रकचे तेरा हजार तीनशे आणि चालकाचे जादा सात हजार आठशे मिळून एकवीस हजार शंभर जातात. सहा दिवसांच्या हॉल्टिंगचे अठरा हजार परत येतात. तीन हजारांच्या आसपास तुमच्या अंगावर राहतात. तेवढा धंद्यातला तोटा सोसता येतो. हॉल्टिंग लिहून द्यायला दलाल तयार नसेल, तर तो देऊ करतो ते भाडे कितीही चांगले दिसले, तरी त्याचा माल दुसऱ्याला नेऊ द्या.

चालक निवडताना आणखी एक गोष्ट पाहा, जी मला पगाराइतकीच मोलाची वाटते. मुंबईत ट्रक चालवणाऱ्यांत उत्तर प्रदेश आणि बिहारचे लोक भरपूर आहेत, आणि तुमचा मार्ग गोरखपूर, गोपालगंज, मोतिहारी असा त्यांच्या गावांजवळूनच जातो. ज्याचे घर या पट्ट्यात आहे असा माणूस ठेवा आणि दर खेपेला परतीचे भाडे भरण्याआधी त्याला दोन दिवस घरी जाऊ द्या. छठ सणाच्या आठवड्यात खेप लावूच नका. लावली तरी तो जाणारच आहे, मग भांडून कशाला. वर्षाकाठी जो माणूस एरवी एकदा घरी जातो, त्याला तुमच्याकडे दहा-बारा वेळा मुलांचे तोंड दिसेल, आणि शेजारच्या शेठने हजार रुपये जास्त देऊ केले, तरी तो सहजासहजी तुमची नोकरी सोडणार नाही. परतीचे भाडेही नेपाळच्या आत शोधत बसण्यापेक्षा याच पट्ट्यात शोधावे.

कागदपत्रांबद्दल तुम्हाला बरेच माहीत आहे, म्हणून जे पत्रात नाही तेवढेच लिहितो. नॅशनल परमिट सीमेपलीकडे चालत नाही. तिकडे भन्सार कचेरीतून प्रवेशाचा वेगळा परवाना घ्यावा लागतो आणि त्याला दिवसांची मुदत असते. दोनपेक्षा जास्त आसांच्या (अ‍ॅक्सलच्या) ट्रकला नॅशनल परमिट पंधरा वर्षांपर्यंतच मिळते, आणि आठ वर्षांपुढच्या गाडीचे फिटनेस दर वर्षी करावे लागते, तेव्हा सोळा लाखांत मिळणाऱ्या ट्रकचे वय आरसी पुस्तकात नीट पाहा. विम्याची पॉलिसी उघडून तिच्या भौगोलिक क्षेत्राची ओळ वाचा. तिथे फक्त भारत असेल, तर वीरगंजच्या चौकात झालेल्या अपघाताला ती पॉलिसी उपयोगाची नाही; थोडा जादा हप्ता भरून नेपाळचा समावेश करून घेता येतो आणि तो पहिल्या खेपेआधीच करायचा असतो. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा पगारी चालकाला लागू होत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळे कलम जोडून घ्या. मंजूर वजनाइतका माल भरला की वर आणखी दोन टन टाका, असे दलाल म्हणेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड वीस हजार आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार आहे. आपल्या बाजूचे निर्यातीचे बिल भरणे हे निर्यातदाराच्या कस्टम ब्रोकरचे काम, पण ते मंजूर झाल्याचा निरोप येईपर्यंत ट्रक रक्सौलला नेऊ नका, मोतिहारीजवळच्या एखाद्या ओळखीच्या पंपावर थांबवा. लहान उद्योगांसाठीची, मोफत होणारी सरकारी उद्यम नोंदणी करून घ्या. लेखी करार असेल तर पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क त्यामुळे सांगता येतो, आणि मोठ्या कारखान्यांचे लेखापाल त्याची दखल घेतात, कारण उशीर झाला तर पैसे देईपर्यंत त्यांच्या करात तो खर्च धरला जात नाही.

दुसऱ्या ट्रकबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तो आत्ता घेऊ नका आणि दागिन्यांना हात लावू नका. पहिल्या ट्रकचे चार लाख भरल्यावर तुमच्याकडे तीन लाख उरतात. तुमच्याच हिशेबाने एका खेपेला सव्वा लाखाच्या वर रोख लागते. दलालाकडून आगाऊ रक्कम आली, तरी उरलेले भाडे पोच हातात आल्यावर मिळते, आणि नेपाळची पोच, भन्सारचे शिक्के होऊन, उशिरानेच येते. दोन ट्रक एकाच वेळी वाटेत असताना एकाचे इंजिनकाम निघाले, तर दागिने सोडवण्याचे पैसे त्या इंजिनात जातील. पत्नीने पत्राच्या शेवटी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली आहे, "हे ऐकत नाहीत, तुम्ही सांगा". तेव्हा वहिनींना सांगावे की मी सांगितले. पहिले सहा महिने एका ट्रकवर आणि मुख्यतः देशातल्या मार्गांवर काढा, त्यात नेपाळच्या दोन-तीन खेपा करा, आणि पहिल्या खेपेला नोकरीतून रजा घेऊन चालकाच्या शेजारी स्वतः बसा. कोणत्या टेबलावर किती तास गेले, ते वहीत लिहीत जा. ती वही पाहिल्यावर दुसऱ्या ट्रकचा निर्णय तुम्हाला कोणाला विचारावा लागणार नाही.

राहिला मेहुणा. नात्यातल्या माणसाला कमी देणे सोपे असते आणि जास्त देणेही सोपे असते, आणि दोन्हींनी घरात बोलाचाली होते. त्याला वरच्याच तीन भागांत, इतर कोणत्याही चालकाला द्याल तेवढेच पैसे, दर महिन्याच्या सात तारखेला बँकेत जमा करा. उसने दिले असतील, तर ते वेगळ्या पानावर लिहा. त्याला भागीदारी हवी आहे, असे तुम्ही लिहिले आहे, पण तो भांडवल काय घालणार, ते लिहिलेले नाही. ट्रकचा हप्ता फिटेपर्यंत त्याला भागीदार करू नका आणि तसे आजच, सासऱ्यांसमोर बसून, सांगून टाका. त्याचे गाव सातारा जिल्ह्यात आहे, रक्सौलच्या वाटेवर नाही, म्हणून मी त्याला नेपाळच्या खेपेवर पाठवणार नाही. पुणे, कोल्हापूर, बेळगाव या मार्गावर त्याला ठेवा आणि सीमेसाठी गोपालगंजकडचा माणूस शोधा.